अरुण प्रदीप, मी आणि बसची रांग

सिनेमावर मी काही लिहू नये, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. सिनेमाला मी झोपायला जातो अशी माझी ख्याती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. ‘शोले’त गोळीबार ऐन रंगात आलेला असताना मी घोरत होतो आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागं वळून आमच्या मेव्हण्यांना म्हणाले होते, ‘‘यांना जरा हलवा हो, गब्बरचं ऐकू येत नाही.’’

तरीसुद्धा एका सिनेमावर टीका करण्याचा अधिकार मला आहे असं मी मानतो. एक तर तो मी पूर्ण जागेपणी पाहिला आणि दुसरं म्हणजे तो माझ्यावरच काढलेला आहे, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. सिनेमाचं नाव ‘छोटी सी बात’. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक बासू चटर्जी, साल १९७६.

त्या साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि फोर्टातल्या एका ऑफिसात आवक-जावक रजिस्टर सांभाळत होतो. सिनेमातला अरुण प्रदीपही मुंबईतल्या एका कंपनीत नोकरी करतो. तोही बुजरा, मीही बुजरा. त्याच्याही तोंडून मुलीसमोर शब्द फुटत नाही. माझ्या तर मुलीसमोरच काय, इराण्याकडच्या पोऱ्यासमोरही फुटत नसे. चहा मागवायला गेलो आणि त्यानं ‘क्या?’ म्हणून अंगावर ओरडून विचारलं, की मी ‘कुछ नहीं’ म्हणून उठून येत असे. फरक एवढाच, की अरुण प्रदीपला राहायला स्वतंत्र जागा होती आणि मी गिरगावात मामांच्या दोन खोल्यांत अकरावा माणूस होतो. सिनेमात पहिली थाप इथं आहे, हे त्याच वेळी नोंदवून ठेवतो. अविवाहित, साधी नोकरी आणि मुंबईत स्वतंत्र जागा! एखाद्या पौराणिक चित्रपटात विमान खाली उतरतं, त्यावर माझा याहून लवकर विश्वास बसेल. आणि गंमत म्हणजे बासू चटर्जींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. चारच वर्षं आधी, १९७२ साली, त्यांनी राजा ठाकुरांच्या ‘मुंबईचा जावई’वरून ‘पिया का घर’ काढला होता आणि त्यात नवपरिणीत जोडप्याला एकांत मिळत नाही हेच सगळं दुखणं होतं. पण या खेपेला त्यांना बसस्टॉपवर काम होतं, तेव्हा जागेचा प्रश्न त्यांनी एका फटक्यात सोडवून टाकला.

बसस्टॉपवर मात्र त्यांनी जे केलं, त्याला तोड नाही. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. अरुण रोज सकाळी स्टॉपवर येतो. प्रभाही त्याच स्टॉपवर येते. तो तिच्याकडे बघतो, तिनं बघितलं की दुसरीकडे बघतो. बस येते. झालं! त्या काळच्या इतर सिनेमांत एवढ्या वेळात दोन भाऊ जत्रेत हरवून, मोठे होऊन, एक पोलिसात आणि एक तुरुंगात पोचलेला असे. इथं आपण श्वास रोखून बघतो कशाकडे, तर ती बाई आज रांगेत त्याच्या पुढं उभी राहणार की मागं!

ज्याला हे क्षुल्लक वाटेल तो बसच्या रांगेत कधी उभाच राहिला नाही म्हणायचा. आणीबाणीचे दिवस होते. लोक ऑफिसात वेळेवर जायला लागले होते, आणि त्यामुळे ठरावीक वेळेला ठरावीक माणसंच रांगेत असत. रांगेत आम्ही एकमेकांना नावानं ओळखत नव्हतो, डब्यानं ओळखत होतो. ॲल्युमिनियमचा चार पुड्यांचा डबा म्हणजे भरला संसार. कापडी पिशवीतला एक पुडाचा डबा म्हणजे नवीन लग्न किंवा आजारी बायको. डबा नसला की माणूस माझ्यासारखा, मामींच्या जिवावर जगणारा. एखादा डबा चार दिवस दिसला नाही की रांगेला चुटपुट लागे, पण तो परत आल्यावर ‘कुठं होता?’ म्हणून विचारण्याची पद्धत नव्हती. नुसतं थोडं सरकून जागा द्यायची. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरचं अगदी पुढचं बाकडं मिळालं तर तो दिवस सुपारीच्या खांडासारखा दिवसभर तोंडात घोळवायचा. सुटे पैसे नसले तर कंडक्टरसमोर मान खाली घालायची. रविवार सोडला तर आमच्या आयुष्यात साहसं घडत ती याच एका तासात. तोपर्यंत कुठल्याही सिनेमावाल्याला ती साहसं वाटली नव्हती.

बासू चटर्जींना ती वाटली याचं कारण, मला वाटतं, त्यांच्या आधीच्या धंद्यात असावं. हा माणूस सिनेमात येण्यापूर्वी अनेक वर्षं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रं काढत होता. व्यंगचित्रकाराला मारामारी परवडत नाही. त्याला चारदोन रेघांत माणूस उभा करायचा असतो. अमोल पालेकरांचा अरुण प्रदीप अशा चारदोन रेघांतलाच आहे. खाली झुकलेले खांदे, सारखा काहीतरी सावरणारा हात, आणि हसायचं की नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरवणारा चेहरा. पालेकर स्वतः जे. जे.त शिकलेले चित्रकार आणि काही काळ बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. कारकुनाची पाठ कशी वाकते हे त्यांनी कुठं पाहिलं असेल हे सांगायला नकोच.

बरं, काळ कोणता? ‘दीवार’ आणि ‘शोले’ दोन्ही १९७५ सालचे. सगळा देश अमिताभ बच्चनच्या रागावर पोसला जात होता. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? साक्षात अमिताभलाच दोन मिनिटांसाठी बोलावून खंडाळ्याच्या कर्नलसाहेबांकडे सल्ला विचारायला बसवलं! धर्मेंद्र आणि हेमामालिनी यांनाही बोलावलं, पण ते पडद्यातल्या पडद्यावर गाणं म्हणायला. अरुण थेटरात बसून ते गाणं बघतो आणि बघता बघता धर्मेंद्रच्या जागी स्वतःला आणि हेमामालिनीच्या जागी प्रभाला बसवतो. आम्ही दुसरं काय करत होतो? मोठमोठे नट कारकुनाच्या घरी पाहुणे म्हणून येऊन गेले, असं हिंदी सिनेमात त्यापूर्वी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

मग येतो नागेश. असरानींचा नागेशशास्त्री हा खलनायक नव्हे. खलनायक परवडला, त्याला शेवटी पोलीस धरून नेतात. नागेश प्रभाच्या ऑफिसात आहे, त्याच्याकडे पिवळी स्कूटर आहे आणि कुणाच्याही टेबलावर जाऊन बसायला त्याला परवानगी लागत नाही. अशा माणसाला वेटर ओळखतो, रस्ता ओळखतो. मला वाटतं, पाऊससुद्धा त्याला विचारून पडत असावा. आमच्या ऑफिसात असे दोन होते. अरुण आपल्या पैशानं प्रभाला हॉटेलात नेतो आणि मैफल मारून नेतो नागेश. अरुण एक जुनी मोटरसायकल गळ्यात बांधून घेतो आणि ती ऐन मोक्याच्या वेळी, प्रभा मागं बसलेली असताना, बंद पडते. तेव्हा थेटरात सगळे हसत होते. मी हसलो नाही. माझी मोटरसायकल नव्हती, पण ती बंद पडण्याचा आवाज मला ओळखीचा होता.

इथवर सिनेमा शंभर नंबरी. इथून पुढं तो खंडाळ्याला जातो आणि माझी तक्रार सुरू होते. ज्योतिषी, बुवा वगैरे करून थकलेला अरुण कर्नल ज्यूलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग यांच्याकडे शिकवणीला राहतो. अशोककुमार यांनी हा कर्नल इतका मिष्कील केला आहे, की तो जे शिकवतो ते काय आहे याकडे आपलं लक्षच जात नाही. शिकवतो काय, तर समोरच्याला खिजवावं कसं, त्याचा तोल घालवावा कसा, आणि न जिंकताही जिंकल्यासारखं दिसावं कसं! ही विद्या मूळची विलायती. १९६० साली ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ नावाचा एक इंग्रजी विनोदी सिनेमा आला होता, त्यावर हा आराखडा बेतलेला. तिथं नायकाच्या गळ्यात जुनी मोटार मारतात, इथं मोटरसायकल. तिथं टेनिस, इथं टेबल टेनिस. इंग्रजी मालाचा आकार आपल्याकडे येईतो तेवढा कमी होतोच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं असं आहे, की अरुण खंडाळ्याहून परत येतो तेव्हा तो सुधारलेला अरुण नसतो, तो दुसरा नागेश असतो. ज्याच्यासाठी आपण तासभर जीव टाकला, त्या बुजऱ्या माणसाला दिग्दर्शकानं घाटावर सोडून दिलं आणि त्याचे कपडे घातलेला कुणीतरी भलताच परत आणला. पहिला भाग बासू चटर्जींनी बसस्टॉपवर उभं राहून लिहिला आणि दुसरा खुर्चीत बसून, एवढं मी नक्की म्हणेन. पण मी म्हणून काय होणार? त्यांना पटकथेसाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळालं.

आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी माझी ही तक्रार मुळीच नव्हती. त्या वर्षी मी दुसऱ्या भागालाच सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या आणि थेटरातून बाहेर पडलो तो खांदे मागं टाकून.

आमच्या रांगेत एक निळ्या छत्रीवाली होती. नाव मला कधी कळलं नाही. मी तिला तीन महिने बघत होतो. तिनं मला बघितलं असेल याचा पुरावा नव्हता. सिनेमात अरुण प्रभाच्या मागून तिच्या ऑफिसापर्यंत चालत जातो, आणि प्रभाला ते ठाऊक असतं. नुसतं ठाऊक नसतं, तर तिला त्याची गंमत वाटत असते. मैत्रिणीला ती ते हसून सांगते. मी हिशेब केला : म्हणजे छत्रीवालीलाही ठाऊक असणार, फक्त मागून चालण्याचाच अवकाश आहे. तेव्हा मी माझा स्टॉप सोडून तिच्या स्टॉपवर उतरायला लागलो आणि पंधरा पावलांचं अंतर ठेवून तिच्या ऑफिसच्या दारापर्यंत जायला लागलो. तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी तिनं मागं वळून पाहिलं.

सिनेमात नायिका मागं वळून पाहते तेव्हा सलिल चौधरींचं संगीत सुरू होतं. इथं हातगाडीवाला ‘बाजू, बाजू’ ओरडत होता. तिनं पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि ती इतक्या भराभरा चालायला लागली, की त्या हातगाडीवर आदळायचीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती रांगेत नव्हती. त्यानंतर कधीच नव्हती. तिची बदली झाली असावी किंवा लग्न ठरलं असावं, असं मी मनाशी धरलं. बरीच वर्षं धरलं. पुढं माझं रीतसर पोहे खाऊन लग्न झालं आणि छत्रीवालीची आठवण मी ‘तरुणपणीच्या गमती’ या सदरात घालून ठेवली. मित्रांच्या बैठकीत मीठमसाला लावून सांगितलीही. त्यात ती वळून गोड हसते.

परवा आमची पुतणी राहायला आली होती. ऐरोलीला एका संगणक कंपनीत नोकरीला असते. तिला जुनं काहीतरी ‘निवांत’ बघायचं होतं. मी अर्थात अरुण प्रदीप काढला. टीव्हीसमोर मी, पुतणी आणि वाटाणे सोलत आमची ही. मी मधूनमधून माहिती पुरवत होतो. ही बघ, जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार, २०१५ साली बंद झालं. ही दुमजली बस, जुन्यातली शेवटची २०२३ साली निघाली. बासूदा २०२०त गेले, विद्या सिन्हा त्याच्या आदल्या वर्षी. पुतणी म्हणाली, ‘‘काका, सिनेमा लावलाय की श्रद्धांजली?’’

मग तो प्रसंग आला. अरुण प्रभाच्या मागून चालू लागला. पुतणीनं माझ्या हातातला रिमोट घेतला, सिनेमा थांबवला आणि तो माझ्या हातात परत दिला.

‘‘काका, हा तिचा पाठलाग करतोय.’’

‘‘अगं, पाठलाग कसला? प्रेम करतोय.’’

‘‘मग तिला विचारायला नको?’’

‘‘तो बुजरा आहे ना! विचारता येत नाही म्हणून तर मागून चालतो.’’

‘‘हे तिला कसं कळणार? तिला मागून फक्त पावलं ऐकू येणार.’’

मी समीक्षकाच्या भूमिकेत शिरलो. त्या काळचे संकेत, दिग्दर्शकाचा हलका हात, पालेकरांची निरागसता, असं बरंच बोललो. शिवाय, म्हटलं, प्रभाला तो आवडतो, तिला गंमत वाटते आहे, बघ तिच्या चेहऱ्याकडे. पडद्यावर विद्या सिन्हा अर्धवट हसून थांबलेली होती.

तेव्हा ही वाटाण्यांतून मान वर न करता म्हणाली, ‘‘मी सहा महिने एक स्टॉप सोडून पुढच्या स्टॉपवर जात होते.’’

आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

‘‘दादरला होते तेव्हा,’’ ती म्हणाली. ‘‘नोकरी लागली त्याच वर्षी. एकजण होता. काही बोलायचा नाही, काही करायचा नाही. नुसता उतरायचा नि मागून यायचा. आईला सांगितलं असतं तर नोकरी सोडायला लावली असती. मग पंधरा मिनिटं आधी निघायला लागले. आईला म्हटलं, चालणं तब्येतीला चांगलं.’’

‘‘कसा होता गं काकू?’’ पुतणीनं विचारलं.

‘‘कसा म्हणजे? साधाच. हातात पिशवी. तुझ्या काकांसारखा.’’

वाटाण्याच्या शेंगा तडकण्याचा आवाज तेवढा येत होता. मी हिशेब करत होतो. गिरगाव आणि दादर. तो मी नव्हे, एवढं तरी नक्की. पण त्या गिरगावातल्या बाईनंही आपल्या घरी काहीतरी सांगितलं असणार. चालणं तब्येतीला चांगलं म्हणून, नाहीतर आणखी काही. आणि आज तिच्या घरी कुणी हा सिनेमा लावला तर ती वाटाणे सोलता सोलता काय म्हणत असेल?

तर टीकाकार या नात्यानं मला माझं मत थोडं बदलायला हवं. खंडाळ्यापर्यंत सिनेमा शंभर नंबरी, असं मी वर लिहून बसलो आहे. ते खोडत नाही. रांग खरी आहे, डबे खरे आहेत, ती मोटरसायकल खरी आहे. पण त्या खऱ्या रस्त्यावर एक गोष्ट बासू चटर्जींनी आपल्या पदरची घातली : प्रभाची खात्री. मागून येणारा माणूस निरुपद्रवी आहे हे प्रभाला पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण तिनं पटकथा वाचलेली आहे. माझ्या छत्रीवालीनं ती वाचलेली नव्हती. विद्या सिन्हा यांनी ती खात्री इतक्या सहजपणे चेहऱ्यावर वागवली आहे, की हजारो कारकुनांना ती आपल्याच रांगेतल्या बाईच्या चेहऱ्यावर दिसायला लागली असेल. अभिनय चांगला असला की अशी पंचाईत होते. अरुणच्या मनात काय चाललंय हे दाखवायला या सिनेमानं स्वप्नं, गाणी आणि साक्षात धर्मेंद्र खर्ची घातला. प्रभा सकाळी घरातून निघते तेव्हा तिच्या मनात काय असतं, यासाठी पाच मिनिटं खर्ची घातली असती, तर खंडाळ्याची गरज पडली नसती असं मला आता वाटतं. बाईनं एकदा वळून ‘काय हवंय?’ म्हणून विचारलं असतं, की बुजऱ्या माणसाचं एकतर भलं झालं असतं किंवा त्यानं स्टॉप बदलला असता. स्टॉप बदलायची पाळी खरी त्याची होती.

हे सगळं मी त्या दोघींना बोलून दाखवलं नाही. निळ्या छत्रीचंही नाही. हिला ती गोष्ट ठाऊक आहे. मित्रांच्या बैठकीत चहा आणून देताना तिनं ती निदान चारदा ऐकली आहे, गोड हसण्यासकट. त्या त्या वेळी ती काय म्हणाली होती हे मी आठवून पाहत होतो. काहीच म्हणाली नव्हती. कपबश्या उचलून आत गेली होती.

‘‘लावा ना पुढं,’’ ही म्हणाली, ‘‘ती मोटरसायकल बंद पडायची आहे अजून. मला ते फार आवडतं.’’

मी रिमोट शोधायला लागलो. सोफ्याच्या फटीत पाहिलं, वर्तमानपत्राखाली पाहिलं, वाटाण्याच्या टोपलीतही पाहिलं.

‘‘काका,’’ पुतणी म्हणाली, ‘‘तुमच्या हातात आहे.’’